परदेशात दोघांसाठी खास जेवण: टेबल ठरवण्यापासून बिल देईपर्यंत

परदेशात गेल्यावर एक संध्याकाळ फक्त दोघांसाठी राखायची, चांगल्या रेस्टॉरंटमध्ये निवांत बसायचं, असा बेत बरीच जोडपी करतात आणि बऱ्याच जणांचा तो फसतो. पैसे कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. एखाद्या गाजलेल्या रेस्टॉरंटचं नाव डोक्यात बसतं, मग मिळेल त्या दिवशी, मिळेल त्या वेळेचं टेबल घेतलं जातं. कपडे, पथ्यं, परतीची गाडी यांची आठवण दारात पोचल्यावर होते. हा क्रम उलटा करायचा. आधी सोबतचं माणूस, मग संध्याकाळ, मग टेबल, आणि ताटात काय येणार ते सगळ्यात शेवटी.

१. रेस्टॉरंटच्या आधी संध्याकाळ ठरवा

सुरुवात जोडीदारापासून. तीन-साडेतीन तास एका जागी बसायला आवडेल का? उंचीची भीती आहे का? अनोळखी पदार्थ समोर आले की उत्साह वाटतो की ताण येतो? तुम्हाला सरप्राइज द्यायचं असलं तरी ही माहिती आधी काढून ठेवा. समोरच्याला जे झेपत नाही, ते सरप्राइज म्हणून दिलं तरी झेपणार नसतं.

मग दिवस. पोचल्या दिवशी हा बेत कधीही ठेवू नका. युरोप किंवा त्याहून पश्चिमेकडे प्रवास केला असेल, तर तिथल्या रात्री आठ वाजता तुमच्या शरीराच्या घड्याळात मध्यरात्र होत आलेली किंवा उलटून गेलेली असते, आणि तिसऱ्या पदार्थालाच पापण्या जड होतात. परतीच्या पहाटेच्या विमानाची आदली रात्रही नको. तिसरा किंवा चौथा दिवस उत्तम, आणि त्या दिवशी दमवणारी भटकंती ठेवू नका.

यानंतर बघायची ती सूर्यास्ताची वेळ, आणि नेमकी हीच सर्वाधिक लोक विसरतात. जूनच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आठचं टेबल घेतलंत, तर दिव्यांनी उजळलेलं शहर बघायची आशा गोड पदार्थ संपेपर्यंत पुरी होत नाही. आम्ही नेमकी हीच चूक केली होती. खिडकीजवळचं टेबल मिळवायला दोन महिने आधी धडपडलो आणि सगळं जेवण डोळ्यांवर येणाऱ्या उन्हात झालं. त्याच शहरात डिसेंबरमध्ये पाचच्या आत सूर्यास्त होतो. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे वर्षभर संध्याकाळी सातच्या आसपासच अंधारतं. त्यामुळे नेमक्या तारखेचा सूर्यास्त शोधा. मावळतीचे रंग हवे असतील तर टेबल त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीचं घ्या, दिवे हवे असतील तर तासभर नंतरचं.

काही जागांना तर रात्रच चालत नाही. मालदीवमधल्या रांगाली बेटावरचं ‘इथा’ हे रेस्टॉरंट समुद्रसपाटीखाली सुमारे ५ मीटरवर आहे. तिथे भोवतालचे मासे आणि पाण्याचा रंग खरा खुलतो तो दिवसाच्या उजेडात. अशा ठिकाणी दुपारचं जेवणच खास करा.

शेवटी तिथली जेवणाची वेळ. स्पेनमध्ये रात्री नऊच्या आधी चांगली रेस्टॉरंट रिकामीच असतात, कित्येकांची स्वयंपाकघरं साडेआठपर्यंत उघडतही नाहीत. जपानमध्ये याच्या उलट: अनेक ठिकाणी नऊच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतात.

तपासा: तुमच्या तारखेला रेस्टॉरंट उघडं आहे का? पॅरिसमधली अनेक उंची रेस्टॉरंट रविवार-सोमवार बंद असतात आणि ऑगस्टमध्ये काही आठवडे सुट्टी घेतात. बालीमध्ये न्येपीच्या, म्हणजे तिथल्या मौनाच्या सणाच्या दिवशी अख्खं बेट बंद असतं. नकाशावर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका, रेस्टॉरंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा.

२. जागा निवडताना काय वाचायचं

मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तारे फक्त ताटातल्या अन्नासाठी असतात. एक तारा म्हणजे स्वयंपाक वाटेत थांबून चाखण्याजोगा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगा, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगा. सजावट, टेबलांमधलं अंतर, प्रकाश, शांतता यांबद्दल तारा काहीही सांगत नाही. तारे मिळवलेल्या कितीतरी जागा लहान आणि दाटीवाटीच्या आहेत. शेजारच्या टेबलावरचं भांडणसुद्धा ऐकू यावं इतक्या. दोघांच्या संध्याकाळीसाठी मी एक तारा असलेली किंवा तारा नसलेली पण ऐसपैस, शांत जागा तीन ताऱ्यांच्या गजबजलेल्या जागेपेक्षा केव्हाही वर ठेवेन.

आसनव्यवस्था नीट बघा. जपानी सुशीच्या ओमाकासे जेवणात, म्हणजे काय वाढायचं ते शेफच ठरवतो अशा जेवणात, तुम्ही काउंटरवर शेजारी शेजारी बसता, समोर शेफ एकेक घास पुढ्यात ठेवतो आणि तो लगेच खायचा असतो. अनुभव विलक्षण आहे, पण मनातलं बोलायची ही जागा नाही. प्रपोज करायचं असेल, तर काउंटर टाळाच.

दृश्यासाठी जाणार असाल, तर एक साधा प्रश्न विचारा: बघायचंय ते तिथून दिसतं का? आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर, सुमारे १२५ मीटर उंचीवर, ‘ल ज्यूल व्हर्न’ हे रेस्टॉरंट आहे. तिथून पॅरिस दिसतं, टॉवर दिसत नाही. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमणारा टॉवर बघायचा असेल, तर सेन नदीच्या पलीकडची जागा शोधा. हाँगकाँग बेटाच्या उंच इमारती बघायच्या तर समोरच्या काउलून किनाऱ्यावर बसावं लागतं, आणि तिथला रात्री आठचा दिव्यांचा खेळ गाठायचा असेल तर साडेसातला टेबलावर असायला हवं.

पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना सगळ्यात गोड आणि सगळ्यात कडू दोन्ही बाजूला ठेवा. मधल्या गुणांचे, गेल्या सहा महिन्यांतले वाचा. त्यांत आवाज, गर्दी, घाई, टेबल हे शब्द शोधा. छायाचित्रं रेस्टॉरंटने टाकलेली नकोत, पाहुण्यांनी काढलेली बघा.

सावधान: उघड्या गच्चीवरचं रेस्टॉरंट निवडताना पावसाची सोय आधी विचारा. बँकॉकमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर पावसाचे महिने. ६०-६२ मजल्यांवरच्या उघड्या गच्च्या पाऊस-वाऱ्यात बंद ठेवतात. आत बसवणार, दुसरा दिवस देणार की पैसे परत करणार, हे लेखी घ्या.

३. टेबल मिळवणं

बुकिंगची सुरुवात रेस्टॉरंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा आणि तिथे जो दुवा दिला असेल त्यावरूनच पुढे जा. युरोपात द फोर्क, अमेरिकेत ओपनटेबल आणि रेझी, जपानमध्ये टेबलचेक आणि ओमाकासे (इथे हे संकेतस्थळाचं नाव) अशी बुकिंगची माध्यमं चालतात. जादा पैसे घेऊन टेबल विकणाऱ्या तिसऱ्याच साइटच्या नादी लागू नका. न्यूयॉर्क राज्याने रेस्टॉरंटच्या परवानगीशिवाय चालणारी अशी विक्री २०२५ पासून कायद्याने बंद केली आहे.

नामवंत ठिकाणी टेबलं ठरावीक दिवस आधी खुली होतात: कुठे ३०, कुठे ६०, कुठे ९०. ती वेळ त्या शहराच्या घड्याळाची असते. ती आपल्या वेळेत बदलून गजर लावा, आणि मार्च-ऑक्टोबरच्या आसपास युरोप-अमेरिकेत घड्याळ एक तास मागेपुढे होतं हेही लक्षात असू द्या. खातं आधीच उघडून कार्डाची माहिती भरून ठेवा. चांगली वेळ दोन-तीन मिनिटांत जाते. नाहीच मिळाली तर प्रतीक्षा यादीत नाव घाला. ज्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येतं, त्याच्या आदल्या दिवशी बरीच टेबलं सुटतात, तेव्हा पुन्हा बघा.

जपानमधली काही लहान रेस्टॉरंट परदेशी पाहुण्यांचं बुकिंग हॉटेलच्या कॉन्सिएर्जमार्फतच, म्हणजे पाहुण्यांची अशी कामं करून देणाऱ्या कर्मचाऱ्यामार्फतच घेतात. म्हणून हॉटेल ठरलं की लगेच कॉन्सिएर्जला लिहा, पोचल्यावर विचारू नका. तोवर उशीर झालेला असतो.

सावधान: अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. ०५/०६ म्हणजे तिथे ६ मे, युरोपात ५ जून. निरोपात महिन्याचं नाव अक्षरी लिहा.

पैसे भरण्यापूर्वी अटी वाचाच. तीन प्रकार असतात. कुठे नुसतं नाव नोंदवतात. कुठे कार्डाची माहिती घेतात आणि न आल्यास किंवा उशिरा रद्द केल्यास माणशी दंड कापतात. कुठे नाटकाच्या तिकिटासारखे सगळे पैसे आधीच घेतात. तिसऱ्या प्रकारात परतावा बहुधा मिळत नाही, पण टेबल दुसऱ्याच्या नावावर करता येतं का ते विचारून ठेवा. एकाच रात्रीसाठी तीन ठिकाणी टेबलं धरून ठेवणं मात्र कृपा करून टाळा. लहान रेस्टॉरंटचं त्यात खरंच नुकसान होतं.

४. रेस्टॉरंटला पाठवायचा निरोप

इतर सगळं जमलं आणि हा निरोप राहिला, तर संध्याकाळ अर्धीच जमते. बुकिंगच्या अर्जातल्या छोट्या चौकटीत ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ एवढं लिहून लोक थांबतात. त्यावर फार तर एक मेणबत्ती मिळते. बुकिंग पक्कं झाल्यावर वेगळी ईमेल करा, आणि किमान तीन दिवस आधी. मजकूर इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत, छोटा आणि मुद्देसूद:

“१४ ऑक्टोबर, रात्री ८, दोन माणसं, बुकिंग (तुमचं नाव) या नावावर. आमच्या लग्नाचा दहावा वाढदिवस आहे. शक्य असल्यास भिंतीकडेचं किंवा खिडकीजवळचं, स्वयंपाकघर आणि दारापासून दूरचं टेबल मिळावं. आमच्यापैकी एकजण मांस, मासे, अंडी खात नाही. मांस-माशांचा अर्क आणि जिलेटिनही चालत नाही. आम्हाला घाई नाही. हे जमेल का, कृपया कळवा.”

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. टेबल कुठलं हवं ते लिहिताना कुठलं नको तेही लिहा. स्वयंपाकघराच्या दारालगतचं टेबल कुणालाच नको असतं, आणि न बोलणाऱ्याच्या वाट्याला ते येतं. ‘घाई नाही’ हेही लिहाच. काही ठिकाणी एका टेबलावर रात्रीत दोन पाळ्या बसवतात आणि पहिल्या पाळीला दोन तासांत उठावं लागतं. तुमचं टेबल किती वाजेपर्यंत तुमचं आहे, हे उत्तरातून कळायला हवं.

पथ्यांबद्दल ‘शाकाहारी’ हा एक शब्द पुरत नाही. जपानी स्वयंपाकातल्या दाशी या रश्श्यात बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो आणि तो भाज्यांतही पडतो. इटालियन परमिजानो रेजियानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. पान्ना कोत्तात जिलेटिन असतं, फ्रेंच कांद्याच्या सूपला पारंपरिक रस्सा गोमांसाचा, थाई पदार्थांना फिश सॉस. काय चालत नाही त्याची नावानिशी यादी द्या, आणि ती अ‍ॅलर्जी आहे की नुसती नावड, हेही खरं सांगा. नावडीला अ‍ॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात भांडी आणि कामाच्या जागा वेगळ्या कराव्या लागतात. युरोपीय संघात १४ ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं रेस्टॉरंटला कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. खरी अ‍ॅलर्जी असेल, तर स्थानिक भाषेत लिहिलेलं छोटं कार्ड खिशात ठेवा आणि बसल्याबरोबर दाखवा.

प्रपोज करणार असाल, तर व्यवस्थापकाशी स्वतंत्र बोला. कितव्या पदार्थानंतर, टाळ्या-गाणं हवं की अजिबात नको, छायाचित्रकार आत आणता येईल का, हे ठरवा. अंगठी केकमध्ये किंवा ग्लासात घालू नका. दात दुखावतो, घशात अडकते, नाहीतर ताटाबरोबर आत जाते. ती तुमच्या खिशातच बरी.

तपासा: उत्तर आलं का? दोन दिवसांत आलं नाही, तर फोन करा. पथ्य जमणार नाही असं उत्तर आलं, तर वाईट वाटून न घेता जागा बदला. नाइलाजाने केलेला पर्यायी पदार्थ खात तीन तास काढण्यात काहीही प्रेमळ नाही.

५. बॅग भरण्यापूर्वी

ड्रेस कोडचे शब्द नेमकेपणी वाचा. ‘स्मार्ट कॅज्युअल’ला पुरुषांसाठी साधारणपणे कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट आणि बंद बूट चालतात. ‘जॅकेट आवश्यक’ म्हणजे आवश्यकच. लंडनच्या रिट्झ हॉटेलच्या मुख्य रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना जॅकेटसोबत टायही लागतो. अनेक गच्चीवरच्या जागी हाफ पँट, चप्पल किंवा खेळाचे बूट असतील तर दारातूनच परत पाठवतात. उंच टाचांचं काय करायचं, हे रस्ता बघून ठरवा. जुन्या युरोपीय शहरांतल्या दगडी गल्ल्यांत दहा मिनिटं चालणंही त्रासाचं होतं. वातानुकूलित हॉल असो वा नदीकाठ, एक शाल सोबत असावी.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं घ्या, परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा आणि मर्यादा वाढवा. पैसे देताना ओटीपी लागणार असेल, तर घरचा मोबाइल नंबर रोमिंगवर एसएमएस घेतोय ना, हे निघण्यापूर्वी बघा. तिथलं नवं सिम घालून घरचं सिम हॉटेलवर ठेवणारे यात हमखास अडकतात.

परत कसं यायचं, तेही आधी ठरवा. टोकियोतल्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात. साडेआठला सुरू झालेला टेस्टिंग मेन्यू, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांचं ठरलेलं जेवण, साडेअकरापर्यंत सहज लांबतो.

६. आदला दिवस आणि तो दिवस

आदल्या दिवशी बुकिंग पुन्हा पक्कं करा. अनेक ठिकाणांहून त्यासाठी संदेश किंवा फोन येतो आणि उत्तर न दिल्यास टेबल सोडून देतात. तो फोन घरच्या नंबरवर येऊन चुकू नये, म्हणून बुकिंगमध्ये चालू असलेलाच नंबर द्या.

त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं, पण उपाशी राहू नका. उपाशीपोटी पहिलाच ग्लास डोक्यात जातो. सुशी काउंटरवर जाणार असाल तर अत्तर लावू नका, वासाला तिथे चवीइतकंच महत्त्व असतं.

दहा मिनिटं आधी पोचा. पंधरा मिनिटं उशीर बहुतेक ठिकाणी चालवून घेतात, त्यापुढे टेबल जाऊ शकतं. ‘ल ज्यूल व्हर्न’ला दक्षिण पायातून स्वतंत्र लिफ्ट आहे, पण टॉवरच्या आवारात शिरताना सुरक्षा तपासणी होते, तिथे अर्धा तास हाताशी ठेवा.

७. टेबलावर

दाखवलेलं टेबल पसंत नसेल, तर बसण्यापूर्वीच शांतपणे सांगा. रुमाल मांडीवर घेतल्यानंतर ते जड जातं.

मेन्यूतले शब्द देशागणिक बदलतात. ‘आंत्रे’ म्हणजे फ्रान्समध्ये सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेत तोच शब्द मुख्य पदार्थासाठी. फ्रान्समध्ये ‘मेन्यू’ म्हणजे ठरावीक पदार्थांचं जेवण. एकेक पदार्थ निवडायचा तर ‘आ ला कार्त’. तुम्ही पाहुणचार करत असाल, तर जोडीदारासाठी किमती नसलेला मेन्यू मिळेल का, हे आधी विचारून बघा. युरोपातल्या काही जुन्या घरंदाज रेस्टॉरंटमध्ये तो अजून मिळतो.

सावधान: इटलीत माशाची किंमत अनेकदा ‘एत्तो’वर असते, म्हणजे दर १०० ग्रॅमला. अख्खा मासा आठशे ग्रॅमचा निघाला की आकडा आठपट होतो. मासा दाखवायला आणि वजन करून किंमत सांगायला सांगा. वरून किसून मिळणारे ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी), ‘आजच्या दराने’ लिहिलेलं शिंपल्या-खेकड्यांचं ताट, यांचंही तेच.

वाइनबद्दल सोमेलिएशी, म्हणजे तिथल्या वाइन-जाणकाराशी, बोलताना लाजू नका. यादीतल्या परवडणाऱ्या आकड्यावर बोट ठेवून “साधारण अशी सुचवा” म्हटलं की पुरतं, मोठ्याने रक्कम उच्चारावी लागत नाही. प्रत्येक पदार्थासोबतची वाइन घेतलीत, तर सहा-सात ग्लास होतात. दोघांत एकच घेता येते, कित्येक ठिकाणी अर्ध्या मापाचीही मिळते. न पिणाऱ्यांसाठी पदार्थांसोबत बिनमद्याची पेयं असतात का, हेही विचारा. पाणी मागताना फ्रान्समध्ये ‘कराफ दो’ म्हटलं, तर नळाचं पाणी फुकट मिळतं. पोर्तुगालमध्ये न मागता आलेले ब्रेड, ऑलिव्ह, चीज खाल्ले की बिलात येतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा.

पदार्थ बिघडलेला वाटला, तर दोन घासांतच सांगा. ताट रिकामं झाल्यावर सांगून उपयोग नाही.

८. बिल

युरोपात मागितल्याशिवाय बिल येत नाही, तो त्यांचा शिष्टाचार आहे. फ्रान्समध्ये ‘लादिसियाँ, सिल वू प्ले’, इटलीत ‘इल कोंतो, पेर फावोरे’, स्पेनमध्ये ‘ला क्वेंता, पोर फावोर’.

ओळीनं वाचा. इटलीत ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बैठक आकार. तो टीप नव्हे. फ्रान्समध्ये सेवा किमतीतच धरलेली असते, वर काही ठेवणं तुमच्या मर्जीवर. ब्रिटनमध्ये बरेचदा १२.५ टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. ते बहुधा ऐच्छिक असतं आणि सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतं. सिंगापूरच्या मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली, तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर वेगळे. अमेरिकेत कर वेगळा आणि १८ ते २० टक्के टीप अपेक्षितच. तिथे पावतीवर टीपेची रक्कम आणि एकूण बेरीज तुम्ही हाताने लिहायची असते, म्हणून सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघूनच लिहा. जपानमध्ये टीप ठेवू नका. विसरलेले पैसे समजून कर्मचारी ते परत द्यायला मागे धावत येतात.

कार्डयंत्र ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारेल. नेहमी स्थानिक चलन निवडा. घरच्या चलनाचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातला विनिमय दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

पावती जपून ठेवा. बुकिंगच्या वेळी कार्डावर अडवलेली रक्कम आणि जेवणाचं बिल दोन्ही काही दिवस खात्यात एकत्र दिसू शकतात. दहा-बारा दिवसांनी अडवलेली रक्कम सुटली नसेल, तर ती पावती जोडून आधी रेस्टॉरंटला आणि मग बँकेला लिहा.